पदवी हातात पडण्याआधी

सोलापूर

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बीबीएचं दुसरं वर्ष निम्मं सरलं तरी हाताला काही लागलंय असं वाटत नाही, आणि पुण्याच्या मुलांपुढे आपला टिकाव लागेल का, असं तू विचारलंयस. सोबत तीन कोर्सची नावं पाठवलीस, यातला कोणता लावू म्हणून. सध्या एकही लावू नकोस. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ अशी पाटी लावून जे फी घेतात, त्यांच्याकडे तर अजिबात जाऊ नकोस. घरचे ते पैसे फार कष्टाचे आहेत.

त्याऐवजी एक कर. दर सेमिस्टरला कुठल्यातरी खऱ्या धंद्याचं एक छोटं काम अंगावर घे, ते तडीस ने आणि दोन पानांत नीट मांडून ठेव. मी बरीच वर्षं हिशेबाच्या कामासाठी मुलंमुली निवडतो आहे. मार्क मी बघतोच, पण खरं बोलणं ‘आजवर काय काम केलंयस?’ इथून सुरू होतं आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात. एखादी मुलगी ‘आमच्या गल्लीतल्या कारखान्याची थकलेली उधारी मी पार्टीनिहाय (म्हणजे माल घेणाऱ्या व्यापाऱ्यागणिक), तारीखवार लावून दिली’ असं सांगते, तेव्हा ती कुठल्या कॉलेजची हे कुणी विचारत नाही.

असं काम शोधायला तुला लांब जायला नको. तुझे वडील टॉवेलच्या मागावर काम करतात. कॉस्टिंगचा धडा तुझ्या घरात रोज जेवायला बसतो. आज रात्री त्यांना विचार: ३० बाय ६० इंची टॉवेलला सूत किती लागतं? ते अंदाजाने आकडा सांगतील आणि तो बहुधा बरोबर निघेल. मग तू कागदावर मांड. ३० बाय ६० इंच म्हणजे १.१६ चौरस मीटर. माल ४०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजनाचा असेल, तर एका टॉवेलचं वजन साधारण ४६५ ग्रॅम. सूत २५० रुपये किलो धर (चालू भाव बाजारात विचार), म्हणजे सुताचेच ११६ रुपये झाले. पण मागावर घट होते. ती ४ टक्के धरली, तर ४६५ ग्रॅमचा टॉवेल मिळायला ४८४ ग्रॅम सूत लागतं, म्हणजे १२१ रुपये. घट लिहायची राहिली की टॉवेलमागे जवळपास पाच रुपये आणि हजार टॉवेलमागे पाच हजार हिशेबातून गळाले. पुढे मजुरी, वीज, रंगाई, शिलाई, पॅकिंग, हुंडेकऱ्याचं वाहतूक भाडं. प्रत्येक आकडा कुणाला तरी विचारून आणायचा, पुस्तकातून उचलायचा नाही.

आणि इथेच थांबू नकोस. माल गेला, पण पैसे कधी आले? सुताच्या व्यापाऱ्याला ३० दिवसांत द्यायचे आणि बाहेरगावची पार्टी ९० दिवसांनी देणार, तर मधले ६० दिवस कारखानदाराची रक्कम अडकून पडते. व्याज १२ टक्के धरलं, तर शंभर रुपयांवर जवळपास दोन रुपये तिथेच गेले. शंभरामागे पाच सुटतात असं समजणाऱ्या माणसाच्या हातात प्रत्यक्षात तीनच उरतात. ‘वर्किंग कॅपिटल’चं प्रकरण तू पाठ केलं असशील, ते असं एकदा स्वतःच्या हाताने मांडलंस की आयुष्यभर विसरणार नाहीस. त्याला जोडून २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदाही वाच. सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आपल्याकडचे कितीतरी छोटे कारखानदार हे माहीत असूनही पार्टी तुटेल या भीतीने गप्प बसतात. ती भीती का आहे, हेही त्यांच्याच तोंडून ऐक. बाजार कळायचा तो असाच.

दुसरं काम जीएसटीचं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसत्या एंट्री मारणारे पुष्कळ मिळतात. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांची ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) असते, १४ ला २-बी (पुरवठादारांनी आपल्या नावे दाखवलेल्या बिलांची यादी) तयार होतं आणि २० ला ३-बी (कर भरण्याचं रिटर्न) भरायचं. या मधल्या पाच-सहा दिवसांत खरेदीचं रजिस्टर आणि २-बी एक्सेलमध्ये शेजारी ठेवून कुठलं बिल दिसत नाही हे जो शोधतो, त्याच्यावर मालकाचा भरवसा बसतो, कारण न दिसणाऱ्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेल्या कराची वजावट, अडकतं आणि तेवढी रक्कम खिशातून भरावी लागते. एक्सेलमधलं व्हीलुकअप (दोन याद्या जुळवायला) आणि पिव्होट टेबल (बेरजा गटवार लावायला) एवढ्यासाठीच शिक. आठवडाभर बसलीस की येईल.

बिल सापडलं नाही की फोन करावा लागतो, आणि मुलं नेमकी इथेच मागे सरतात. समोरच्याला न दुखावता, पण काम होईपर्यंत बोलणं ही कुठल्याही वर्गात न मिळणारी विद्या आहे. तुझ्याकडे तर आणखी एक भांडवल आहे. घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत कन्नड आणि हिंदी कानावर. पुण्यातल्या किती मुलांकडे हे आहे? हैदराबादच्या पार्टीशी तिच्या भाषेत बोलणारी मुलगी कुठल्याही सेल्स विभागाला हवीच असते. हे बायोडेटात ठळक लिही.

इंग्रजीची तुला धास्ती आहे, ती मला कळते. व्याकरणाची पुस्तकं बाजूला ठेव आणि रोज एक ईमेल लिही: चौकशीचा, दराचा, उशीर झाल्याबद्दलचा, पैसे मागण्याचा. पाच-सहा ओळींचा, एका ईमेलात एकच मुद्दा. मोठ्याने वाच, अडखळलीस तिथलं वाक्य तोड. मला पाठवत जा, मी लाल खुणा करून देईन.

आता ऑन जॉब ट्रेनिंगबद्दल, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन शिकण्याबद्दल. नव्या अभ्यासक्रमात ते आणि फील्ड प्रोजेक्ट आले, ही फार मोलाची गोष्ट झाली. पण ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून अभ्यासक्रमाची क्रेडिट उरकणारी मुलं मी बघतो आणि जीव तुटतो. एवढी सोन्यासारखी संधी कागदावर वाया जाते. तू असं करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा चाटी गल्लीतल्या एखाद्या पेढीवर जा, मोठ्या नावाच्या मागे लागू नकोस. लहान जागी तुला खरेदी, साठा, विक्री, वसुली सगळं एकाच टेबलावरून दिसेल. पहिल्या दिवशी मालकांना विचार, ‘तुमचं रोजचं कुठलं काम रखडतं?’ जे सांगतील तेच तुझं काम. तिथले दर आणि पार्ट्यांची नावं मात्र बाहेर न्यायची नाहीत, मैत्रिणीलाही सांगायची नाहीत. रिपोर्टमध्ये नावाच्या जागी अ, ब, क लिही.

तुझ्या मैत्रिणीला मार्केटिंगची ओढ आहे म्हणालीस. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचा हक्क) आहे, तरी बाहेर विणलेला माल याच नावाने विकला जातो, ही इथली जुनी तक्रार. नव्या पेठेतल्या गिऱ्हाइकाला अस्सल चादर ओळखता येते का, ओळखली तर तो दोन पैसे जास्त देतो का, एवढाच प्रश्न घेऊन तिने पन्नास माणसांशी बोलावं. जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते, तिथे एखाद्या स्टॉलवर उभं राहून विक्री करावी. बार्शी-मोहोळकडच्या मुलांनी मार्केट यार्डात कांद्याच्या लिलावाचे भाव महिनाभर टिपले तरी एक उत्तम काम होईल.

सर्टिफिकेट हवंच असेल, तर स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर चांगल्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, परीक्षेपुरतीच फी लागते. हातात घेतलेल्या कामाला जो उपयोगी पडेल, तोच निवड.

पुण्याला जरूर जा. पण इथली दोन-तीन पुरी केलेली कामं फाइलला लावून जा. मुलाखतीत कुणी विचारलं तर टॉवेलचा तो हिशेब कागद न बघता सांगता आला पाहिजे, इतका तो तुझा झालेला असू दे.

येत्या रविवारी सकाळी ऑफिसात ये. वडिलांना विचारून आकडे भरलेला कागद आण, कच्चा असला तरी चालेल. रंगाईचा दर मिळाला नाही तर ती जागा मोकळी सोड, आपण दोघं मिळून फोन लावू. आणि फील्ड प्रोजेक्टचा विषय कॉलेजात देण्याआधी मला एकदा दाखव.

आईबाबांना नमस्कार.

तुझे,
सर