आधी पान उघड

अरे,

तुझा तक्ता मिळाला. 39 संज्ञा, तीन रंग, आणि तळाशी प्रश्न: 'मॅडम, पोएटिक्समधला पॅथॉस वेगळा आणि ऱ्हेटरिकमधला वेगळा, परीक्षेत कुठला लिहू?' आधी हसू आलं, मग राग आला. राग तुझ्यावर नाही, त्याचं पुढे सांगते.

दोन्ही बरोबर आहेत. दोन्ही पुस्तकं ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटलचीच: पोएटिक्स नाटकावर, ऱ्हेटरिक भाषणकलेवर. पोएटिक्समध्ये पॅथॉस म्हणजे कथानकातला आघात: मरण, यातना, जखमा. ऱ्हेटरिकमध्ये वक्ता ऐकणाऱ्याच्या मनात जागी करतो ती भावना. एथॉसचंही तेच. नाटकात पात्राचा स्वभाव, भाषणात वक्त्यावर बसणारा विश्वास. तोही बोलण्यातून बसायला हवा, आधीच्या नावलौकिकावर नाही, असं अ‍ॅरिस्टॉटल बजावतो. माणूस एकच, पण पुस्तकं दोन आणि त्यांची कामंही दोन. तुझ्या रकान्यात हे मावणार कसं? म्हणून म्हणते, आधी पान उघड. संज्ञा मग.

ग्रीक नाटककार सोफोक्लीसचं 'अँटिगनी' काढ. हैमॉन बापापुढे, म्हणजे राजा क्रेऑनपुढे येतो तो प्रवेश. त्याच्या होणाऱ्या बायकोला, अँटिगनीला, बापानंच मरणाची शिक्षा सुनावलीय. पोरगा 'मला ती हवी' म्हणत नाही. 'तुम्ही चुकलात' असंही नाही. म्हणतो, तुमच्या तोंडावर कोणी बोलत नाही, पण गाव त्या मुलीसाठी हळहळतंय, ते माझ्या कानावर येतं. मग पुराच्या काठच्या झाडांचा दृष्टांत देतो. वाकली त्यांच्या डहाळ्या वाचल्या, ताठ राहिली ती मुळासकट गेली. (आपलं लव्हाळं आठवलं ना? मलाही.) ऱ्हेटरिकच्या तिसऱ्या भागात अ‍ॅरिस्टॉटल हैमॉनचाच दाखला देतो: आपल्या तोंडी शोभणार नाही ते दुसऱ्यांच्या तोंडी घालावं.

आता यातला एथॉस, पॅथॉस आणि लॉगॉस (म्हणजे युक्तिवाद) चिमट्याने वेगळा काढून दाखव बरं! झाडाचा दृष्टांत युक्तिवाद आहे, पण बापाचा मान राखून तो दिला म्हणूनच क्रेऑन तेवढा वेळ ऐकून घेतो. पुढे ऐकत नाही. लांब भाषणं संपतात, एकेका ओळीची चकमक सुरू होते. तिला स्टिकोमिथिया म्हणतात. नाव विसरलास तरी चालेल, चकमक विसरू नकोस. 'मी दुसऱ्यांच्या मर्जीने राज्य करू?' 'एकट्याच्या मालकीचं ते राज्यच नव्हे.' इतकं नेटकं भाषण, आणि हरतं. हे कुठल्या रकान्यात लिहिणार आहेस?

आता हॅमार्शिया, शोकांतिकेचा नायक जिच्यामुळे पडतो ती गोष्ट. 22 वर्षं मी वर्गात सांगितलं, 'नायकाचा स्वभावदोष, अधोरेखित करा.' मुळात अर्थ नेम चुकणं. होमरकडे भाला हुकतो तिथे हेच क्रियापद येतं. पोएटिक्सचं 13 वं प्रकरण स्पष्ट म्हणतं, नायक दुर्गुणामुळे पडत नाही, हॅमार्शियामुळे पडतो. एका मुलीने पेपरात लिहिलं होतं, ओयदिपौसचा (नकळत बापाला मारून आईशी लग्न करणारा सोफोक्लीसचाच नायक) स्वभाव कशाला काढता, आपले आईबाप कोण हेच त्याला ठाऊक नव्हतं. मी दहापैकी चार दिले. गठ्ठ्यात 110 पेपर होते, उत्तराचे मुद्दे वरून ठरवून आले होते, आणि तिचं अक्षरही असं की... जाऊ दे. खरं हे की मी तोवर गाइडच वाचलं होतं, पान उघडलं नव्हतं. सहा द्यायला हवे होते. सात.

म्हणून तुझ्यावर डाफरते. परीक्षा आहे, वेळ नाही, हे मला सांगू नकोस. मीही तेच सांगत आले.

तक्ता परत पाठवू नकोस. रूममेटला क्रेऑन कर, तू हैमॉन हो, तो प्रवेश मोठ्याने वाचा. हैमॉनचा आवाज पहिल्यांदा कुठल्या ओळीवर चढतो, तेवढं मला कळव.

तुझी,
मॅडम