थॉर्नटन वाइल्डर कोण होते? त्यांचं वाचायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की कादंबरी आणि नाटक दोन्हींसाठी पुलित्झर हा अमेरिकेतला मोठा साहित्य पुरस्कार मिळालेला हा अमेरिकन लेखक नेमका कोण, आणि आधी काय वाचावं. मी सरळ सांगतो: 'अवर टाउन' या नाटकापासून सुरुवात करा. कादंबरी नंतर.

त्यांचा जन्म 1897 चा, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचा. वडील आधी वर्तमानपत्राचे संपादक, मग हाँगकाँग आणि शांघायला अमेरिकेचे वाणिज्यदूत. त्यामुळे पोराचं बालपण कधी चीनमधल्या शाळेत, कधी कॅलिफोर्नियात असं गेलं. पुढे ओबरलिन कॉलेज, येल विद्यापीठ, वर्षभर रोम. मग न्यू जर्सीतल्या लॉरेन्सव्हिलच्या शाळेत फ्रेंचचे मास्तर आणि वसतिगृहाचे गृहप्रमुख. हे मास्तरपण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1927 साली 'द ब्रिज ऑफ सान लुइस रे' ही कादंबरी आली तेव्हा ते तिथेच शिकवत होते. पेरूमधला एक दोरांचा पूल तुटतो, पाच माणसं दरीत कोसळतात, आणि नेमकी हीच पाच का, हे शोधायला एक साधू त्यांची आयुष्यं धुंडाळतो. वाइल्डर यांनी तोवर पेरू पाहिलाही नव्हता. 1928 चं पुलित्झर या कादंबरीला मिळालं, आणि तिच्या पैशातून कनेटिकटमधल्या हॅमडनला घर उभं राहिलं.

दहा वर्षांनी, 1938 मध्ये, 'अवर टाउन' आलं. न्यू हॅम्पशरमधलं ग्रोव्हर्स कॉर्नर्स नावाचं काल्पनिक गाव, दोन शेजारी घरं, एमिली आणि जॉर्ज. नेपथ्य नाही. दोन टेबलं, काही खुर्च्या, दोन शिड्या. 'स्टेज मॅनेजर' नावाचं पात्र प्रेक्षकांशी बोलत कोण कधी मरणार तेही आधीच सांगून टाकतं. आपल्याला सूत्रधार नवा नाही, म्हणून मराठी वाचकाला हे नाटक लगेच आपलंसं वाटतं. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर काही दिवस वाइल्डर स्वतःच ही भूमिका करत होते.

आमच्या हौशी गटात आम्ही याचा पहिला अंक उभा केला होता. त्यात दोन्ही घरच्या आया अंगणात बसून शेंगांच्या शिरा काढतात, पण हातात शेंग नसते. आमच्या एकीला हे जमेना. मग तिने घरी खरोखर पाव किलो फरसबी घेऊन सराव केला: देठ मोडायचा, शीर ओढायची, बोटाला चिकटलेली झटकायची. तालमीत तिने ते रिकाम्या हातांनी केलं आणि सगळे गप्प झाले. वस्तू काढून घेतली की ती वस्तू हाताळणारं माणूस दिसायला लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

अनेकजण या नाटकाला गोड, गावाकडच्या आठवणींचं नाटक समजतात. मला ते अजिबात पटत नाही. तिसरा अंक स्मशानात आहे. एमिली बाळंतपणात गेलेली आहे, आणि मेलेली माणसं खुर्च्यांवर ओळीने बसलेली. तिला एक दिवस पुन्हा जगायला मिळतो. ती बारावा वाढदिवस निवडते. आई स्वयंपाकघरात न्याहारीच्या गडबडीत, बोलतेय पण पोरीकडे धड बघत नाही. एमिलीला ते सहन होत नाही, ती परत फिरते. इतकं कठोर काही मी फार थोड्या नाटकांत वाचलंय.

या नाटकाला दुसरं पुलित्झर मिळालं, तिसरं 'द स्किन ऑफ अवर टीथ'ला, 1943 मध्ये. दोन्ही प्रकारांत हा मान मिळालेले ते एकटेच. हिचकॉकच्या 'शॅडो ऑफ अ डाउट' या चित्रपटाच्या पटकथेतही त्यांचा मोठा हात होता. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलाच्या गुप्तवार्ता विभागात होते. 1938 मध्येच पडलेलं एक विनोदी नाटक त्यांनी पुन्हा लिहून 'द मॅचमेकर' केलं, त्यावरून 1964 चं 'हॅलो, डॉली!' हे संगीत नाटक आलं. पासष्टीला पोहोचल्यावर ते अ‍ॅरिझोनातल्या डग्लस या सीमेवरच्या गावी जाऊन एकटे राहिले. तिथे सुरू झालेल्या 'द एट्थ डे' या कादंबरीला 1968 चं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. 1975 च्या डिसेंबरमध्ये ते हॅमडनच्या घरीच वारले.

नाटक वाचताना तिसऱ्या अंकाला वेगळा वेळ ठेवा, तो एका बैठकीत वाचा. घरात कुणी असेल तर एमिली आणि तिची आई वाटून घ्या आणि मोठ्याने वाचा. आईची वाक्यं घाईत म्हणायची, जशी सकाळी डबा भरताना निघतात तशी.