नावाचं स्पेलिंग वेगळं ठेवताय?

बाळाच्या नावाचं स्पेलिंग जरा वेगळं असावं असं वाटणं स्वाभाविक आहे, त्यात गैर काही नाही. फक्त पक्कं करण्याआधी ते कागदावर लिहून चार अनोळखी माणसांना मोठ्यानं वाचायला द्या. मग उलट करा: नाव नुसतं ऐकवा आणि लिहायला सांगा. दोन्हीकडे सगळे अडखळले, तर तुमचं मूल शाळेत, दवाखान्यात, फोनवर आयुष्यभर एकेक अक्षर सांगत बसणार. एखादा जादा 'ए' लोकांच्या अंगवळणी पडतो; उच्चारच फिरवणारं अक्षर मात्र कायम छळतं.

पासपोर्टवरच्या यंत्रानं वाचायच्या ओळीत नावासाठी फक्त ए ते झेड अक्षरं चालतात, आणि आडनावासकट सगळ्या नावाला 39 जागा मिळतात. अक्षरांवरची टिंबं-चिन्हं तिथे गळतात. त्यामुळे जन्मदाखल्यापासून प्रत्येक कागदावर एकच स्पेलिंग राहू द्या.

नातेवाईक नाकं मुरडतील. मुरडू द्या, हळूहळू सवय होते. पण मुलासमोर कुणी नावाची थट्टा केली तर तिथल्या तिथे थांबवा. ती फार खोल लागते. आणि "लिहायचं असं, म्हणायचं असं" हे न चिडता सांगायला मुलाला लहानपणीच शिकवा.