मुलाचं अचानक ऑपरेशन : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बरीच पत्रं एकाच प्रसंगाची आहेत. चांगलं खेळतं मूल आजारी पडलं, काही तासांत ऑपरेशन झालं आणि घरची माणसं वॉर्डात येऊन बसली. डॉक्टर काय करणार हे त्यांना सांगितलं जातं. खाटेशेजारी बसून आपण काय करायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. म्हणून उत्तरांचा भर त्यावरच ठेवला आहे.

प्रश्न : आमच्या सात वर्षांच्या मुलीचं अपेंडिक्स फुटलं. रात्रीच ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले व्यवस्थित झालं. मग अजून सलाईनमधून अँटिबायोटिक का चालू आहे? शेजारच्या खाटेवरचा मुलगा याच ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी घरी गेला. आमचं काही बिघडलंय का? आणि आम्ही उशीर केला म्हणून फुटलं का? – एक बाबा

उत्तर : नाव एक असलं तरी ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत. अपेंडिक्स न फुटता निघालं की जंतूंचं मूळच जातं. असं मूल बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातं. फुटल्यावर आतला पू आणि आतड्यातले जंतू पोटभर पसरतात. सर्जन पू शोषून काढतात, पण आतड्याच्या वेटोळ्यांमध्ये जंतू उरतातच. त्यांच्यासाठी हे औषध आहे. ते कधी थांबवायचं हे ताप गेला का, पोट दुखायचं कमी झालं का, मुलगी खाऊ लागली का आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या का, यावर ठरतं. त्यामुळे ‘नक्की किती दिवस?’ याचं उत्तर डॉक्टर पहिल्याच दिवशी देऊ शकले नाहीत, तर ते टाळाटाळ करताहेत असं समजू नका.

पहिले दोन-तीन दिवस आतडी सुस्त असतात. पोट फुगतं, वारा सरत नाही, कधी नाकातून पोटात नळी घालावी लागते. वारा सरला किंवा शी झाली की आतडी जागी झाल्याची खूण मिळते. ती सिस्टरना जरूर सांगा. हिरवी उलटी झाली तर मात्र लगेच सांगा. तो हिरवा रंग पित्ताचा असतो आणि अन्न पुढे सरकत नसल्याचं दाखवतो.

यानंतरचा काळ जास्त डोळसपणे पाहायचा. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास पोटात पुवाचा साठा होऊ शकतो. उतरलेला ताप पुन्हा चढतो, खाणं कमी होतं, पोट पुन्हा दुखू लागतं. साठा ओटीपोटात असेल तर गुदाशय आणि मूत्राशय चिडतात; मग थोडी थोडी, चिकट, बुळबुळीत शी वारंवार होते आणि सारखी लघवीला लागते. ‘अँटिबायोटिकमुळे जुलाब होताहेत’ असं समजून घरचे गप्प बसतात आणि वेळ जातो. अशा शीबरोबर ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, मग तुम्ही वॉर्डात असा की घरी. सोनोग्राफीत साठा दिसतो. लहान असेल तर औषधानं जिरतो, मोठा असेल तर बहुतेक वेळा त्वचेतून बारीक नळी घालून काढता येतो.

रोज तीन गोष्टी बघा. पहिली लघवी : जागेपणी सहा तासांत झाली नाही तर सांगा. दुसरी, सलाईनची सुई : ती जागा सुजली, लाल झाली, गार पडली किंवा हात लावताच मूल हात ओढू लागलं, तर औषध शिरेबाहेर जात असू शकतं. सलाईनच्या पंपाचा इशारा वाजेपर्यंत थांबू नका, तो बऱ्याचदा उशिरा वाजतो. तिसरी गोष्ट चालणं. डॉक्टरांनी परवानगी दिली की, बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी, खाटेवरून उठवून चार पावलं चालवा. चालण्यानं आतडी लवकर हलू लागतात आणि फुप्फुसात कफ साठत नाही. खोकताना उशी पोटाशी घट्ट धरायला शिकवा, दुखणं बरंच कमी होतं. साबणाचे फुगे फुंकणं हा फुप्फुसांचा उत्तम व्यायाम आहे, आणि मुलं तो आनंदानं करतात.

आता उशिराबद्दल. लहान मुलाला नेमकं कुठे दुखतं हे सांगता येत नाही. सुरुवातीचं दुखणं बेंबीभोवती असतं, उलटी-जुलाबाच्या साध्या आजारासारखंच दिसतं. पाच वर्षांखालच्या मुलांत तर निदान होतं तेव्हा बहुतेकांचं अपेंडिक्स आधीच फुटलेलं असतं, तेही अनुभवी डॉक्टरांनी तपासलेलं असताना. स्वतःला दोष देऊ नका. ती ताकद तुम्हाला पुढच्या दिवसांसाठी हवी आहे.

प्रश्न : ऑपरेशनला अजून वेळ होता आणि मुलगा पाण्यासाठी रडत होता. एक चमचाही देऊ दिलं नाही. इतकं कडक का? – एक आजी

उत्तर : भूल दिल्यावर गिळण्याची आणि खोकण्याची प्रतिक्रिया बंद होते. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात जाऊ शकतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला सहसा जेवण किंवा बाहेरचं दूध ६ तास आधी, आईचं दूध ४ तास आधी आणि साधं पाणी १ ते २ तास आधीपर्यंत चालतं. पण तातडीच्या दुखण्यात पोटातलं पुढे सरकतच नाही. काही तासांपूर्वीचं अन्नही तिथंच असतं, म्हणून हे तास मोजून भागत नाही. अंगातलं पाणी सलाईननं भरून निघतं. ओठ ओल्या बोळ्यानं पुसता येतात. कुणी चुकून काही दिलंच असेल तर ते भूलतज्ज्ञांना नक्की सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. त्यावरून ते भूल द्यायची पद्धत बदलतात.

प्रश्न : माझी लेक तीन वर्षांची आहे. ती नीट सांगत नाही, नुसती गप्प पडून राहते. दुखतंय हे ओळखायचं कसं? आणि मॉर्फिनसारख्या औषधांची सवय लागत नाही ना? – एक आई

उत्तर : गप्प पडून राहणं म्हणजे आराम पडला असं नाही. हललं की दुखतं, म्हणून मूल हलत नाही. वॉर्डात यासाठी पाच गोष्टी पाहतात : चेहरा आक्रसलेला आहे का, पाय ताणलेले किंवा पोटाशी घेतलेले आहेत का, अंग आखडलंय का, रडणं कसं आहे आणि जवळ घेतल्यावर शांत होते का. प्रत्येकीला ० ते २ गुण, एकूण १०. चार किंवा जास्त गुण झाले की औषधाचा विचार व्हायला हवा. तुम्हाला गुण मोजत बसायची गरज नाही. पण ‘एरवी ही अशी नसते’ हे फक्त तुम्हालाच कळतं. ते याच शब्दांत सिस्टरना सांगा.

पहिले दोन दिवस औषध घड्याळाप्रमाणे दिलेलं बरं. दुखणं चढल्यावर ते उतरवायला जास्त औषध लागतं. चालवायचं असेल किंवा ड्रेसिंग बदलायचं असेल तर वेदनाशामक अर्धा-पाऊण तास आधी मिळेल असं विचारून घ्या.

मॉर्फिन काही दिवस, देखरेखीखाली दिल्यानं व्यसन लागत नाही. खाज, मळमळ आणि बद्धकोष्ठ होऊ शकतं. लक्ष ठेवायचं ते गुंगीवर : मूल हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल किंवा श्वास फार संथ झाला असेल तर तत्काळ सिस्टरना बोलवा. मोठ्या मुलांना कधी बटण दाबून औषध घेण्याचा पंप देतात. ते बटण मुलानंच दाबायचं. गुंगीतलं मूल बटण दाबत नाही, हीच त्या यंत्राची सुरक्षा आहे. आईबाबांनी मायेपोटी दाबलं की ती सुरक्षा जाते.

घरी आल्यावरची सगळ्यात मोठी चूक पॅरासिटामॉलच्या बाटलीत होते. मात्रा साधारण दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये सहा तास आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. पण ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप १२.५ मिली द्यावं लागतं, आणि २५० असलेलं फक्त ६ मिली. घरातली बाटली बदलली आणि आकडा तोच राहिला, तर मात्रा दुपटीवर जाते आणि धोका यकृताला असतो. म्हणून डॉक्टरांनी लिहिलेला डोस मिलिग्रॅममध्येही लिहून घ्या आणि तो बाटलीवर चिकटवा. सर्दीच्या अनेक औषधांतही पॅरासिटामॉल असतं, ती सोबत देऊ नका. आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच. अंगात पाणी कमी असताना ते मूत्रपिंडाला त्रासदायक ठरतं. ॲस्पिरिन मुलांना मनानं कधीच देऊ नका.

प्रश्न : शुद्धीवर येताना नातवानं हातपाय झाडले, किंचाळला, आईलाही ओळखेना. मेंदूला काही झालं का? – एक आजोबा

उत्तर : नाही. भुलीच्या वायूनंतर, विशेषतः दोन ते पाच वर्षांच्या मुलांत, हे पुष्कळदा दिसतं. बहुधा अर्ध्या तासात आपोआप ओसरतं आणि मुलाला नंतर आठवतही नाही. त्या वेळी समजावू नका. दिवे मंद करा, सलाईनचा हात सांभाळा, हळू आवाजात नाव घेत राहा. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर पुढचा एखादा दिवस खांदाही दुखतो. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) चिडतं आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं.

प्रश्न : आम्ही दोघंही चोवीस तास तिथंच आहोत. झोप नाही, आणि डॉक्टर काय बोलले हे दोघांना वेगवेगळं आठवतं. – एक आई

उत्तर : मुलाजवळ आईबाबांपैकी कुणीतरी असावंच. ब्रिटनमध्ये १९५९ साली प्लॅट समितीनं मुलांच्या वॉर्डात पालकांना मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली. त्याआधी अनेक इस्पितळांत भेटीची वेळ फार तोकडी असे, आणि एकटी पडलेली मुलं ‘शांत’ दिसतात ती खचल्यामुळे, हे तोवर लक्षात येऊ लागलं होतं. पण कुणीतरी असावं म्हणजे दोघांनीही असावं असं नाही. १२-१२ तासांच्या पाळ्या लावा. सुटलेल्या माणसानं बाहेर जाऊन झोपायचं, बाकावर नाही.

पाळी बदलताना एक वही हातातून हातात द्या. तीत तारीख-वेळेसह ताप, औषधं, प्यायलं किती, लघवी-शी आणि उलटीचा रंग. डायपरमधलं बाळ असेल तर भरलेल्या डायपरच्या वजनातून कोरड्याचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. डॉक्टरांसाठीचे प्रश्न शेवटच्या पानावर, एका फेरीला तीनच. फेरीच्या शेवटी ‘आज कशाची वाट बघतोय, आणि काय झालं तर काळजीचं?’ एवढं विचारलं तरी दिवसाची दिशा कळते. नातेवाइकांचे फोन घेण्याचं काम तिसऱ्या कुणावर तरी सोपवा. आत्या, मामा, काका कुणीही चालेल, फक्त एकच माणूस हवं.

प्रश्न : पाच वर्षांच्या दादाला काय सांगायचं? त्याला वाटतंय, आपण ढकललं म्हणून बहिणीचं पोट दुखलं. – एक मावशी

उत्तर : या वयात मुलं मोठ्या घटनेचं कारण स्वतःत शोधतात. बरेचदा बोलूनही दाखवत नाहीत, तुमच्या भाच्यानं सांगितलं तरी. त्याला सरळ वाक्यात सांगा : ‘तुझ्या ढकलण्यामुळे नाही झालं. पोटातला एक छोटा भाग आजारी पडला होता, तो डॉक्टरांनी काढला.’ हे एकदा सांगून पुरत नाही. ‘ती झोपली आणि डॉक्टरांनी पोट उघडलं’ असं मात्र म्हणू नका. मग तो रात्री झोपायला घाबरेल. भुलीची झोप औषधाची असते, रोजची नव्हे, हा फरक सांगा. भेटायला न्यायच्या आधी नळ्यांचा फोटो दाखवा.

प्रश्न : घरी येऊन दहा दिवस झाले. मुलगा पुन्हा अंथरुणात शू करतो, एकटा झोपत नाही, थर्मामीटर पाहिला तरी ओरडतो. – एक आई

उत्तर : शरीर सावरल्यावर मन मागून येतं. रागावू नका, बक्षिसाचं आमिषही नको. झोपायची, जेवायची वेळ पूर्वीसारखी करा आणि काही दिवस जवळ झोपा. बाहुलीला सलाईन लावायचा खेळ त्यानं मांडला तर मांडू द्या. त्या खेळात तो डॉक्टर असतो आणि अंगावर घडलेलं स्वतःच्या हातात घेतो. बहुतेक मुलं काही आठवड्यांत पूर्वपदावर येतात. एक महिन्यानंतरही वाईट स्वप्नं, दचकणं किंवा त्या दिवसाची आठवण टाळणं कायम असेल तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. मात्र शू करताना जळजळ किंवा ताप असेल तर आधी लघवी तपासा. तुम्हालाही ऑपरेशनचे प्रसंग डोळ्यांसमोर येत असतील तर स्वतःसाठीही मदत मागा.

प्रश्न : आंघोळ, शाळा, खेळ कधीपासून? – अनेक वाचक

उत्तर : अंगावर पाणी घेऊन आंघोळ बहुधा ४८ तासांनंतर चालते, टबात बसणं आणि पोहणं सुमारे दोन आठवडे नको. जखम बंद करायला त्वचेवर लावलेला गोंद आपोआप पडतो, सोलू नका. दुर्बिणीतून साधं ऑपरेशन असेल तर साधारण आठवड्यानं शाळा. फुटलेलं असेल तर दोन-तीन आठवडे लागू शकतात. जड दप्तर, उड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ सर्जन सांगतील तेव्हाच. जखमेभोवतीचा लालसरपणा पसरू लागला, पू आला किंवा ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. काढलेला भाग सहसा तपासणीला पाठवतात आणि रिपोर्ट बरेचदा डिस्चार्जनंतर येतो. पहिल्या फेरतपासणीला तो मागून घ्या आणि डिस्चार्जच्या कागदाला जोडून ठेवा.