जुने चित्र, नवी खुर्ची आणि दहा फुटांची बैठक

प्रश्न : ठाण्यात आम्ही नुकतेच घर घेतले असून हॉल १६ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे. एका दुकानात वेताच्या दोन ‘चंदीगड खुर्च्या’ पाहिल्या. त्या मूळच्या असल्याचे विक्रेता सांगतो आणि भावही तसाच लावतो. शिवाय पणजोबांच्या वेळचे, रविवर्मांच्या छापखान्यातील लक्ष्मीचे जरीकाम केलेले चित्र आमच्याकडे आले आहे. नव्या फर्निचरशी ते जुळणार नाही, असे सजावटकारांचे मत आहे. सासूबाईंना मात्र ते दर्शनी भिंतीवरच हवे आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे मला मनापासून पटते. घरात जे आहे आणि जे येऊ घातले आहे, त्यात पुन्हा विकत मिळणार नाही अशी वस्तू ते चित्रच आहे. तेव्हा आधी चित्राची जागा ठरवावी आणि मग खुर्च्यांकडे वळावे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापखाना सुरू केला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि रंगागणिक वेगळा दगड वापरून छापलेली ती चित्रे सामान्य माणसाच्या देवघरापर्यंत पोहोचली. छाप एकच असला, तरी त्यावर जरी, टिकल्या आणि कापड चिकटवणारे हात वेगवेगळे होते. त्यामुळे आपल्या लक्ष्मीची साडी दुसऱ्या घरातल्या लक्ष्मीच्या अंगावर सापडणार नाही.

फ्रेम मात्र एकदा उघडून पाहायला हवी. जुन्या फ्रेमच्या पाठीला पुष्कळदा साध्या लाकडाच्या फळ्या असतात. त्यांतले आम्ल कागदात उतरते आणि फळ्यांमधल्या फटींच्या रेषेत चित्रावर तपकिरी पट्टे उमटतात. काच चित्राला टेकलेली असेल, तर पावसाळ्यात आत ओल धरते, जरी काळवंडते आणि कागद काचेला चिकटून बसतो. बाहेरची चौकट जुनीच ठेवावी, पाठीला आम्लमुक्त पुठ्ठा घालावा आणि जरीचा उठाव दबणार नाही इतके अंतर काचेच्या आत पट्टी बसवून राखावे. सुटलेली टिकली घरच्या डिंकाने चिकटवण्याचा मोह कृपया टाळा. हे काम कागदाचे संवर्धन जाणणाऱ्याचेच आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलावस्तू संवर्धन केंद्र आहे, तेथे चौकशी करता येईल.

पावसाचा मारा ज्या भिंतीवर बाहेरून होतो, तिच्यावर चित्र लावू नये, आणि थेट ऊन पडते तेथेही नाही. आतली भिंत निवडून चित्राचा मध्य जमिनीपासून पाच फुटांच्या आसपास येईल असे टांगावे, म्हणजे ते उभ्या माणसाच्या नजरेला नजर देते. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे लावले, की हवा खेळती राहते.

आता खुर्च्यांविषयी. चंदीगड उभारले जात असताना, १९५० च्या दशकापासून, त्या शहराचे वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे आणि त्यांचे सहकारी यांनी कचेऱ्या, विद्यापीठ व न्यायालय यांच्यासाठी सागवान आणि वेत यांचे फर्निचर आखले, आणि ते इथल्याच सुतारांनी घडवले. पुढे तेच सामान मोडीत निघाले, लिलावात गेले आणि परदेशात फार मोठ्या किमतीला विकले जाऊ लागले. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने अशा वारसा-वस्तूंच्या विक्रीवर व निर्यातीवर निर्बंध घातले. मूळ खुर्चीवर कचेरीचे नाव व क्रमांक रंगवलेला असे, पण ती अक्षरे आज कोणीही रंगवू शकतो. म्हणून कागदोपत्री पुराव्याशिवाय ‘मूळची’ या शब्दाचे पैसे देऊ नयेत.

नवी, चांगल्या सागवानाची खुर्ची घेण्यात काहीच कमीपणा नाही. ती उलटी करून सांधे पाहावेत. वेत चौकटीच्या भोकांतून ओवून विणला आहे की तयार जाळी खाचेत दाबून बसवली आहे, हे बोट फिरवताच कळते. ओवलेला वेत सैल पडला, तर खालून ओल्या फडक्याने भिजवून वाळू दिला की बराचसा पुन्हा ताणला जातो. शिवाय त्या खुर्चीत वीस मिनिटे बसून पाहावे, आणि सासूबाईंनाही बसवावे. बैठक फार खोल असेल, तर वयस्क माणसाला उठताना त्रास होतो.

सजावटकारांची शंका मात्र मला पटत नाही. साध्या, सरळ रेषांच्या सागवानाशेजारी जरीचे चित्र अधिक खुलते. भिंत फिक्या रंगाची असावी, सोफ्याचे कापड बिनाछापाचे असावे आणि त्या भिंतीवर दुसरी फ्रेम नसावी, एवढे पुरे. अडचण असलीच, तर ती दहा फुटांच्या रुंदीची आहे. तीन फूट खोल सोफा, मग दीड फूट मोकळी जागा, पावणेदोन फुटांची टीपॉय आणि समोर अडीच फुटांची खुर्ची मांडली, तर जेमतेम सव्वा फूट उरतो. म्हणून खुर्च्या सोफ्यासमोर न ठेवता लांबीच्या टोकाला, किंचित तिरप्या मांडाव्यात. पैसे भरण्याआधी तेवढ्याच मापाची वर्तमानपत्रे जमिनीवर चिकटवून दोन दिवस त्यांना वळसा घालून चालून पाहा, आणि सोफा लिफ्टमध्ये मावतो का, तेही त्याच फेरीत मोजून घ्या.