वाचकांचे प्रश्न: घरच्या घरी प्रोजेक्टर हेडलाइट

प्रश्न : जुनी महिंद्रा जीप चासीपासून नव्याने बांधतो आहे. हेडलाइट ७ इंची गोल, एच४ (लो आणि हाय दोन्ही एकाच बल्बमध्ये) बल्बचे. त्यातच ३ इंची बाय-एलईडी प्रोजेक्टर (एकाच लेन्समधून लो आणि हाय देणारे एलईडी दिवे) बसवायचे आहेत. घरी ड्रिल, ग्राइंडर, मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू? (पाटण)

उत्तर : आधी काच बघा. जीपच्या जुन्या हेडलाइटच्या काचेवर उभ्या रेषा आणि चौकोनी ठसे असतात. बल्बचा उजेड रस्त्यावर पसरवायचं काम त्या रेषांचं. प्रोजेक्टर मात्र उजेडाला आकार स्वतःच देतो. त्याच्यापुढे रेषांची काच आली की कटऑफ, म्हणजे उजेड जिथे संपतो ती धारदार आडवी रेघ, पार विस्कटते आणि समोरच्याच्या डोळ्यांत झगमगाट जातो. त्यामुळे साध्या, पारदर्शक काचेचा ७ इंची एच४ डोम, म्हणजे काच आणि आतला चकचकीत रिफ्लेक्टर मिळून अख्खा दिवा, घ्या आणि त्यात काम करा. जुना डोम जपून ठेवा, पुढे लागेल.

मग खोली मोजा. काचेच्या आतल्या बाजूपासून मागच्या पत्र्यापर्यंत किती जागा आहे ते पाहा. बाय-एलईडीला मागे पंखा असतो. पंख्यामागे किमान २५ मि.मी. मोकळी जागा लागते, नाहीतर गरम हवा तिथेच फिरत राहते आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं सर्किट, उजेड आपोआप कमी करतं. लेन्स काचेपासून १० मि.मी. तरी मागे राहू द्या.

रिफ्लेक्टरचं एच४ चं भोक होल-सॉने (ड्रिलला लावायची गोल करवत) मोठं करा. पत्र्याचा रिफ्लेक्टर असेल तर कड फाइलने साफ करून प्रायमर लावा, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच गंज धरतो. प्रोजेक्टर चार ४ मि.मी. आटेदार सळ्यांवर बसवा, प्रत्येक सळीला पुढे-मागे नट. असं केलं की प्रोजेक्टर वर-खाली, डावी-उजवीकडे आणि थोडा गोल फिरवता येतो. एपॉक्सीने चिकटवायची घाई करू नका. भिंतीवर दोन्ही दिवे जुळले की नटांना लॉकटाइट (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा. बहुतेक वेळा एपॉक्सीची गरजच पडत नाही.

इथे सर्वांत जास्त बिघडतं ते फिरणं. प्रोजेक्टर एक अंश जरी तिरका बसला, तरी भिंतीवर दर मीटरला पावणेदोन सें.मी. चढ येतो. १० मीटरवर उजेड सहा मीटर रुंद पडत असेल, तर एक टोक दुसऱ्यापेक्षा दहा सें.मी. वर. म्हणून डोम सीलबंद करण्याआधी जीप सपाट जागी भिंतीसमोर लावा, भिंतीवर पाण्याच्या पातळीनळीने आडवी रेघ काढा आणि कटऑफ तिच्याशी जुळवा. पुढचे स्क्रू दिवा वर-खाली, डावी-उजवीकडे करतात. तिरकेपणा त्यांनी जात नाही, त्यासाठी डोम पुन्हा उघडावा लागतो.

शेवटी, जुन्या रिफ्लेक्टरचा जो चकचकीत भाग उघडा राहतो तो मॅट काळा करा किंवा लेन्सभोवती कडं लावा. आणि बसवायच्या आधी सुटा प्रोजेक्टर अंगणात उन्हात ठेवू नका. त्याची लेन्स म्हणजे भिंगच, आसपासचं प्लॅस्टिक वितळवते.

प्रश्न : वायरिंगही नवीन करतो आहे. हाय मारला की लो बंद होतो, पण प्रोजेक्टरला दोन्ही लागतात असं ऐकलं. (तेच वाचक)

उत्तर : बरोबर ऐकलं. बाय-एलईडीत लोचा उजेड सतत चालू असतो. हायला फक्त सोलेनॉइड, म्हणजे विजेवरचा चुंबक, उजेड अडवणारा पडदा खाली ओढतो. एच४ च्या वायरिंगमध्ये डिपर एक बंद करून दुसरं चालू करतो, त्यामुळे तीच वायर थेट जोडली तर हायवर पडदा उघडतो, पण मागे उजेडच नसतो.

बाजारात यासाठी डायोडवाले हार्नेस, म्हणजे तयार वायरिंगचे संच, मिळतात. तुम्ही वायरिंग नव्याने ओढता आहात, म्हणजे त्याहून सरळ उपाय आहे. लो रिलेच्या (रिले म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) कॉइलची वायर डिपरच्या आधी, लाइट स्विचकडून डिपरकडे येणाऱ्या वायरवरून घ्या. डिपर कुठेही असो, लो चालू राहील आणि बदलताना जो क्षणभर अंधार होतो तोही होणार नाही. हायच्या रिलेची कॉइल डिपरच्या हायच्या वायरवरून.

दोन्ही रिलेंची जोडणी एकसारखी: पिन ३० ला बॅटरीकडची वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८६ ला स्विचची वायर, ८५ अर्थला. प्रत्येकी ४० वॉटचे दोन दिवे धरले तर मिळून सहा-सात अँपिअर लागतात. बॅटरीकडून येणारी वायर २.५ चौ.मि.मी., पुढे दिव्यापर्यंत १.५ पुरे. बॅटरीच्या टर्मिनलपासून १५ सें.मी.च्या आत १५ अँपिअरचा मुख्य फ्यूज, आणि लोला प्रत्येक दिव्याला स्वतंत्र ७.५ अँपिअरचा. रात्री घाटात एकाच फ्यूजने दोन्ही दिवे जाणं परवडणारं नाही. सोलेनॉइडला वन-एन-४००७ डायोड उलटा जोडा, पट्टीचं टोक प्लसकडे. नाहीतर सोलेनॉइड बंद होताना उसळणारं व्होल्टेज रिलेचे पॉइंट जाळतं.

नव्या बांधणीत हमखास फसतं ते अर्थिंग. ताज्या रंगावर किंवा पावडर कोटिंगवर लग (वायरच्या टोकाचं धातूचं कडं) कसला की वरून घट्ट दिसतं, पण करंट जात नाही. तेवढी जागा घासून धातू उघडा करा, दातेरी वॉशर टाका, वरून ग्रीस लावा. दिवे लावून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं दिव्याच्या अर्थला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ कच्चा.

जुनं वायरिंग ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना: काही गाड्यांत हेडलाइटचा स्विच प्लस नव्हे, मायनस तोडतो. टेस्ट लॅम्पने होल्डर आधी तपासा, मगच हार्नेस विकत घ्या.

प्रश्न : गाडी साधी हॅचबॅक, उजेड कमी वाटतो. प्रोजेक्टरच लागतील का? (चिपळूण)

उत्तर : कदाचित नाही. इंजिन चालू ठेवून बल्बच्या मागे होल्डरवर व्होल्टेज मोजा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या मानाने फार झपाट्याने उतरतो. १२.६ ऐवजी ११.५ व्होल्ट मिळाले की जवळजवळ पाव उजेड गेला. तसं असेल तर दोन रिलेंचा हार्नेस आणि साधाच ६०/५५ वॉटचा चांगला बल्ब, एवढ्यावर काम होतं. काच पिवळी पडली असेल तर ती आधी पॉलिश करा. एच४ च्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खुपसायचा विचार असेल तर तो सोडा. त्यातला प्रकाशबिंदू फिलामेंटच्या जागी नेमका बसत नाही, आणि समोरच्याला त्रास होतो.

प्रश्न : हेडलाइटची काच उघडण्यासाठी ओव्हनमध्ये ठेवतात. किती वेळ? (नाशिक)

उत्तर : आधी सीलंट कुठला आहे ते पाहा. काच आणि बॉडीच्या खाचेत बारीक स्क्रू टोचा. काळा, चिकट, तार सुटणारा असेल तर ब्युटाइल. तो उष्णतेने सैल होतो. रबरासारखा टणक आणि करडा-पांढरा असेल तर पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचा प्रकार समजा. तो तापवून सुटत नाही, जोर लावला की काच फुटते. अशा वेळी आमचा सल्ला सरळ आहे: त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीचे प्रोजेक्टर येत असतील तर तोच सेट घ्या.

ब्युटाइल असेल तर बल्ब, रबरी टोप्या, स्क्रू, क्लिपा सगळं काढा. ओव्हन १०० अंशांवर आधी तापवा, दिवा लाकडी फळीवर ठेवा म्हणजे जाळीला टेकणार नाही, आणि ८ ते १० मिनिटांनी बाहेर काढून एका कोपऱ्यापासून सावकाश उचला. थांबलं तर पुन्हा पाच मिनिटं आत. घरच्या ओटीजीत मोठा हेडलाइट मावत नाही. मग हीट गन कडेने सतत फिरवत ठेवा, एका जागी धरू नका.

आतल्या चंदेरी थराला बोट किंवा फडकं लावू नका, तो थर कापडानेही निघतो; धूळ फुंकणीने उडवा. काचेला पेट्रोल किंवा थिनर नको, ती खरं तर पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकची असते, तिला बारीक तडे जातात. बंद करताना जुना सीलंट पूर्ण खरवडून नवी ब्युटाइल टेप टाका, पुन्हा ५ ते ७ मिनिटं तापवा आणि क्लॅम्प लावून थंड होऊ द्या.

प्रश्न : महिन्याभरातच काचेच्या आत पांढरी झाक आली. पाणी आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : दिवा अर्धा तास लावून ठेवा. नाहीशी झाली तर दमट हवा. मागची रबरी टोपी आणि हवेची नळी तपासा. तशीच राहिली तर ती वाफ सिलिकॉनची किंवा ओल्या रंगाची. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन हेडलाइटच्या आत कधीच वापरू नये. उघडून पुसण्याखेरीज इलाज नाही.

प्रश्न : भाऊ न्यू जर्सीहून प्रोजेक्टर पाठवतो म्हणतो, तिथे स्वस्त मिळतात. घ्यावेत का? (पुणे)

उत्तर : नको. तिथली वाहतूक उजवीकडून, त्यामुळे कटऑफची पायरी, म्हणजे त्या आडव्या रेघेचा एका बाजूला उचललेला भाग, उजवीकडे वर चढते. आपल्याकडे तीच पायरी समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जाते. युरोपीय प्रमाणपत्राच्या दिव्यावर वर्तुळातल्या ‘ई’जवळ बाण असतो. दिव्यासमोर उभं राहिल्यावर तो उजवीकडे दाखवत असेल तर दिवा डावीकडच्या वाहतुकीचा. दुतोंडी बाण म्हणजे दोन्हींसाठी. बाणच नसेल तर आपल्या कामाचा नाही.

प्रश्न : पासिंगला अडचण येईल का? आणि दिवा किती खाली ठेवायचा? (सातारा)

उत्तर : येऊ शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा. जुना डोम जपून ठेवा म्हणालो ते यासाठीही.

खाली किती, ते दिव्याच्या उंचीवर ठरतं. टायरमध्ये नेमकी हवा, टाकी अर्धी, चालकाच्या जागी एक माणूस. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर. हॅचबॅकला लेन्सच्या मध्यापेक्षा कटऑफ ६ सें.मी. खाली. जीपचा दिवा ९० सें.मी. उंच असतो तिथे ७.५ सें.मी.; म्हणजे उजेड सुमारे ६० मीटरवर जमिनीला टेकतो. पायरीचा कोपरा प्रत्येक लेन्सच्या बरोबर समोर हवा, म्हणून भिंतीवरच्या दोन कोपऱ्यांतलं अंतर दोन लेन्समधल्या अंतराएवढंच आलं पाहिजे. मागे सामान किंवा माणसं भरून निघणार असाल तर त्या वजनासकट पुन्हा एकदा भिंतीवर पाहा.