वाचकांचे प्रश्न : घर आपलं, पण बाहेरून हात लावायचा तर विचारून

मागच्या अंकात अमेरिकेतल्या हिस्टॉरिक डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे जुनं रूप जपायचं म्हणून ठरवलेल्या वस्त्यांमधल्या घरांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर सगळं त्यालाच दिलंय. मी आर्किटेक्ट आहे, वकील नाही, हे आधीच सांगून ठेवते. आणि हे नियम गावागणिक बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या गावाच्या ऑर्डिनन्सचा, म्हणजे गावाने केलेल्या कायद्याचा, माझा नाही.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत एक जुनं लाकडी घर घेतलंय. रिअल्टरने (घरांच्या एजंटने) मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की घर नॅशनल रजिस्टरवर आहे. आता पुढच्या खिडक्या बदलायच्यात कारण हिवाळ्यात नुसता वारा आत येतो. शेजारी म्हणतात कमिशनची परवानगी लागेल, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो काही लागत नाही, तुमचं घर तुमचा पैसा. खरं कोण बोलतंय?

दोघंही खरं बोलत असतील, कारण दोघं वेगवेगळ्या यादीबद्दल बोलतायत. नॅशनल रजिस्टर ही 1966 च्या कायद्याने आलेली जुन्या वास्तूंची केंद्राची यादी, ती नॅशनल पार्क सर्व्हिस सांभाळते, आणि त्यात नुसतं नाव असलं म्हणून स्वतःच्या पैशाने काम करणाऱ्या घरमालकाला कोणी अडवत नाही. अडवतं ते गाव. म्हणजे तुमच्या टाउनशिपने किंवा सिटीने स्वतःचा ऑर्डिनन्स काढून जो लोकल हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट ठरवला असेल तो. शेजारी म्हणतात ते कमिशन म्हणजे त्या डिस्ट्रिक्टमधल्या घरांचे बदल तपासणारी गावाची समिती. ही गावपातळीची पद्धत केंद्राच्या यादीपेक्षा जुनी आहे बरं का, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनने 1931 मध्येच ती सुरू केली. बऱ्याच ठिकाणी दोन्ही याद्या एकाच गल्लीवर असतात, कधी हद्दी थोड्या पुढेमागे, कधी एक असते आणि दुसरी नसतेच, आणि रिअल्टर लोक दोन्ही एकाच श्वासात सांगून मोकळे होतात.

म्हणून पहिलं काम, गावाच्या प्लॅनिंग किंवा झोनिंग ऑफिसला ईमेल करा आणि दोनच गोष्टी विचारा. आमचा पत्ता लोकल डिस्ट्रिक्टमध्ये येतो का, आणि येत असेल तर घर कॉन्ट्रिब्युटिंग आहे की नॉन-कॉन्ट्रिब्युटिंग. कॉन्ट्रिब्युटिंग म्हणजे त्या भागाच्या जुन्या रूपात ज्या घराचा वाटा आहे ते, त्याला नियम जास्त कडक लागतात. फोनवर विचारलंत तरी उत्तर लेखी घ्या. कॉन्ट्रॅक्टरच्या शब्दावर जाऊ नका, तो वाईट माणूस असतो असं नाही पण नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येते, तो तोवर पुढच्या साइटवर गेलेला असतो.

घर लोकल डिस्ट्रिक्टमध्ये निघालं तर तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस लागेल, म्हणजे हा बदल घराच्या जुन्या रूपाला शोभतो असा दाखला, सगळे त्याला सीओए म्हणतात. तो बिल्डिंग परमिटपेक्षा वेगळा, आणि बहुतेक गावांत तो हातात असल्याशिवाय परमिट मिळत नाही. काही गावांत कमिशनचं मत फक्त सल्ल्यापुरतं असतं, काही गावांत तेच अंतिम, तेही त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.

आता खिडक्यांचं. सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. बहुतेक कमिशनं केंद्र सरकारच्या इंटिरियर खात्याची रिहॅबिलिटेशनची, म्हणजे जुन्या इमारती दुरुस्त करण्याची, दहा कलमं समोर ठेवून निर्णय घेतात, आणि त्यातल्या एकाचा मथितार्थ असा की जे दुरुस्त होईल ते दुरुस्त करा, अगदीच गेलं असेल तर बदला, आणि बदललेलं जुन्यासारखं दिसलं पाहिजे, जमलं तर मालही तोच. म्हणजे ‘वारा येतो’ हे कारण तुम्हाला कितीही पटत असलं तरी त्यांच्या कामाचं नाही, त्यांना विचारायचं असतं की लाकूड कुजलंय का, किती कुजलंय, आणि कुठल्या खिडकीचं.

आणि खरं सांगू का, या मुद्द्यावर मी कमिशनच्या बाजूची आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या खिडक्यांचं लाकूड सावकाश वाढलेल्या जुन्या झाडांचं असतं, दाट रेषांचं, तसं आज दुकानात मिळत नाही. वारा बहुतेकदा काचेतून येत नाही, फटींतून येतो. फटींना वेदरस्ट्रिप लावा, सुटलेली पुट्टी नव्याने भरा, वर-खाली सरकणाऱ्या खिडकीला चौकटीत दोरीने वजनं बांधलेली असतात, तुटलेली दोरी बदलून ती परत चालू करा आणि बाहेरून किंवा आतून एक चांगली स्टॉर्म विंडो, म्हणजे वारा अडवणारी जादा खिडकी बसवा, बऱ्याच घरांत तेवढ्यावर भागतं. नव्या दुहेरी काचेच्या खिडकीचं सील काही वर्षांनी गेलं की काचांच्या मध्ये वाफ धरते आणि मग दुरुस्ती वगैरे काही नाही, अख्खा तुकडाच फेकायचा. जुन्या खिडकीचं तसं नाही, एक पट्टी कुजली तर सुतार तेवढी पट्टी बदलतो.

तरीही काही खिडक्या खरंच गेल्या असतील तर प्रत्येक खिडकीला नंबर द्या, बाहेरून-आतून फोटो काढा, कुजलेल्या जागी स्क्रू-ड्रायव्हर खुपसून तोही फोटो घ्या, आणि फक्त तेवढ्याच खिडक्यांचा अर्ज करा. सरसकट सगळ्या बदलायला मागितल्या की कमिशनचे कान टवकारतात. नव्या खिडकीचं माप मूळ भोकाएवढंच असू द्या, आणि तावदानांमधल्या पट्ट्या काचेच्या बाहेरच्या बाजूलाही उठून दिसणाऱ्या हव्यात, दोन काचांच्या मध्ये चपटी जाळी घातलेल्या बहुतेकदा नापास होतात. आणखी एक, घर 1978 च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असणार असं धरूनच चाला, खिडक्या काढणारा कॉन्ट्रॅक्टर ईपीएचा (केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा) लेड-सेफ सर्टिफाइड हवा, म्हणजे शिशाच्या रंगाचं काम सुरक्षितपणे करायचं प्रमाणपत्र असलेला. हे कमिशनचं नाही, केंद्राचं आहे, आणि घरात लहान मूल असेल तर ते सीओएपेक्षा महत्त्वाचं आहे.

प्रश्न : आमच्या घराचा पुढचा पोर्च आधीच कोणीतरी भिंती घालून बंद केलाय. तो मोकळा करून पूर्वीसारखा करायचाय. त्यासाठी कमिशनपुढे हिअरिंग (सुनावणी) आहे म्हणे. वकील घ्यावा का? मिस्टरांना तर कोर्टात जाणार असल्यासारखं टेन्शन आलंय.

मिस्टरांना सांगा की समोर बसलेली मंडळी बहुतेक तुमच्याच गावची, बिनपगारी, दिवसभर आपापल्या नोकऱ्या करून संध्याकाळी मीटिंगला येणारी असतात. एखादा आर्किटेक्ट, एखादा इतिहासाची आवड असलेला, एखादा नुसता जुना रहिवासी. वकील लागत नाही, कागद लागतात.

तुमचं काम तर त्यांच्या आवडीचं आहे, घातलेलं काढून मूळ रूप परत आणायचं. फक्त ‘पूर्वीसारखा’ म्हणजे कसा, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे, मनाने सुंदर नक्षीचे खांब लावलेत तर ते म्हणतील हे इथे कधी होतं? सॅनबॉर्न मॅप शोधा, हे आगीच्या विम्यासाठी काढलेले जुने नकाशे, त्यात प्रत्येक घराची आकृती, मजले, पोर्च सगळं असतं आणि लाकडी घर पिवळं, विटांचं गुलाबी रंगवलेलं असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ढीगभर ऑनलाइन टाकलेत. न्यूयॉर्क शहरात असाल तर 1940 च्या आसपास टॅक्ससाठी जवळजवळ प्रत्येक इमारतीचा फोटो काढला होता, तेही बघायला मिळतात. शिवाय गल्लीतलं त्याच बिल्डरचं त्याच नमुन्याचं दुसरं घर, ज्याचा पोर्च शाबूत आहे, त्याचे फोटो. आणि घातलेली भिंत थोडी उघडून बघा, पुष्कळदा जुने खांब आतच सापडतात, किंवा निदान कठड्याच्या खुणा तरी.

अर्जासोबत घराचे सर्व बाजूंनी फोटो, मापांसकट ड्रॉइंग, आणि वापरणार त्या मालाची माहितीपत्रकं द्या. अर्जाची शेवटची तारीख मीटिंगच्या बऱ्याच आधी असते आणि मीटिंग साधारण महिन्यातून एकदा, म्हणजे एक कागद राहिला की एक महिना गेला. त्यामुळे अर्ज टाकायच्या आधी कमिशनचं काम बघणाऱ्या गावाच्या ऑफिसातल्या स्टाफला भेटाच. हे मी ज्याला त्याला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. स्टाफचा माणूस रोज हेच बघतो, कुठे अडणार हे त्याला आधीच कळतं, आणि लहान कामं तर तो स्वतःच सही करून सोडतो, हिअरिंगपर्यंत जावंच लागत नाही. न्यूयॉर्कच्या लँडमार्क्स कमिशनमध्ये बहुतेक परमिट असे स्टाफच देतो, क्वीन्समधलं जॅक्सन हाइट्स 1993 पासून डिस्ट्रिक्ट आहे, तिथल्या ओळखीच्यांना विचारा.

हिअरिंगमध्ये ‘आम्हाला आवडतं’, ‘महाग पडतं’, ‘त्या घराला तुम्ही परवानगी दिली’ यातलं काहीही बोलू नका. काय होतं, काय राहिलंय, काय करणार, बस. निर्णय चार प्रकारचे येतात : मंजूर, अटींवर मंजूर, नामंजूर, किंवा पुढच्या मीटिंगला या. शेवटचा ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण तो नकार नाही, ड्रॉइंग सुधारून आणा एवढाच त्याचा अर्थ. मंजुरीला मुदत असते, ती बघून ठेवा. आणि कामाच्या मध्येच सुताराने ‘हा कठडा नाही मिळत, दुसरा लावू?’ विचारलं तर हो म्हणायच्या आधी परत स्टाफला ईमेल.

प्रश्न : विटांचं रो-हाउस घेतलं. सहा महिन्यांत गावाची नोटीस आली की दर्शनी भिंत परवानगीशिवाय रंगवलीय. रंग आधीच्या मालकाने दिलाय! आम्ही का भरायचं?

चीड येणं साहजिक आहे, पण बऱ्याच ठिकाणी असं उल्लंघन माणसाला नाही, इमारतीला चिकटतं, घर विकलं की तेही नव्या मालकाकडे येतं. आधीच्या मालकाकडून काही वसूल होईल का, ते क्लोजिंगचे, म्हणजे घरखरेदी पूर्ण झाली तेव्हाचे, कागद घेऊन वकिलाला विचारा. (अजून घर घ्यायचं असलेल्यांनो, ऑफर देण्याआधी गावाकडून उघडी उल्लंघनं आहेत का ते तपासा, होम इन्स्पेक्टर हे बघत नाही.)

गावाला मात्र लगेच उत्तर द्या, गप्प बसलात तर दंड चढू शकतो. झालेल्या कामासाठीही अर्ज करता येतो. तो मंजूर होईलच असं नाही, पण मुदत तरी मिळते.

आणि कृपा करून घाईघाईने कोणाला बोलावून भिंत सँडब्लास्ट (वाळूचा जोरदार मारा) करू नका! विटेची भट्टीत भाजलेली बाहेरची पापुद्र्यासारखी कडक बाजू असते, ती उडाली की आतली मऊ वीट पाणी पिते आणि थंडीत त्या पाण्याचं बर्फ होऊन वीट फुटते. रंग काढायचा तर केमिकलने, सौम्यपणे, आधी कोपऱ्यात एक छोटा तुकडा करून बघून. तसंच दरजांचं. जुन्या विटा चुन्यात बसवलेल्या असतात आणि भिंतीतली ओल त्या मऊ दरजांतून बाहेर पडते. नवा गवंडी कडक पोर्टलंड सिमेंट भरतो, मग ओल विटेतून वाट काढते आणि दरज शाबूत, वीट मात्र झडलेली असं दृश्य दिसतं. दरजा भरायचा माल विटेपेक्षा मऊच हवा, हे कमिशनने सांगायची वाट कशाला बघायची.

प्रश्न : जुनं घर दुरुस्त केलं तर सरकार 20 टक्के परत देतं हे खरंय का?

केंद्राची 20 टक्के टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून सूट, आहे, पण ती भाड्याने दिलेल्या किंवा व्यवसायाच्या इमारतींना. स्वतः राहता त्या घराला नाही. राहत्या घरासाठी काही राज्यांच्या स्वतःच्या योजना आहेत, मेरीलँड आणि कनेक्टिकटच्या मला माहीत आहेत. अर्ज काम सुरू करायच्या आधी करायचा, नंतर पावत्या घेऊन गेलात तर उपयोग नाही.

प्रश्न : छतावर सोलर पॅनल बसवायचा आमचा अर्ज कमिशनने नामंजूर केला. हा अन्याय नाही का? कोर्टात जाता येईल?

अपील करता येतं, त्याची मुदत निर्णयाच्या पत्रात असते आणि ती छोटी असते. पण ‘माझ्या मालमत्तेवर माझा हक्क’ एवढ्या एका मुद्द्यावर जाणार असाल तर थांबा. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवर टॉवर बांधायचा होता, तो वाद 1978 मध्ये सुप्रीम कोर्टात गेला आणि कोर्टाने जुन्या इमारती जपायचा शहराचा कायदा योग्य ठरवला. त्यापेक्षा नकाराची कारणं नीट वाचा. पॅनल रस्त्याकडच्या उतारावर दाखवले होते का? मागच्या उतारावर, छताला समांतर, कडेपासून आत सरकवून दाखवले तर तोच अर्ज पुष्कळदा पास होतो. मागच्या बाजूला ऊन कमी पडत असेल तर इन्स्टॉलरकडून दोन्ही बाजूंचे आकडे लेखी घेऊन जोडा, आकड्यांवर चर्चा होऊ शकते.

प्रश्न : दारावर मराठीतली पाटी आणि अंगणात तुळशी वृंदावन, यालाही विचारायचं का?

तोरण, रांगोळी, दिवाळीचा आकाशकंदील, यांच्याकडे कोणी बघत नाही, ते तात्पुरतं. घराच्या नावाची छोटी पाटी बहुतेक ठिकाणी चालते, कुठल्या लिपीत आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, मापाशी असतं. वृंदावन कुंडीसारखं उचलून ठेवता येणारं असेल तर प्रश्न नाही. पुढच्या अंगणात विटासिमेंटचं पक्कं बांधणार असाल तर काही गावं कुंपण, पायवाट यांच्यासारखंच त्यालाही धरतात, तेव्हा आधी एक ईमेल करा. आणि पाटी लावताना ड्रिल विटेत किंवा दगडात मारू नका, दरजेत मारा, म्हणजे उद्या काढली तर चिमूटभर चुन्याने भोक बुजतं.